वर्षभर एकाच गच्चीवरून: आकाश कसं सरकतं ते स्वतः मोजून पाहा

आकाश बघायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, दुर्बीण कोणती घेऊ? पहिलं वर्षभर कुठलीच घेऊ नका, असं मी सांगतो. दुर्बीण एखादा ग्रह, एखादा तारकागुच्छ जवळ आणते; पण आकाश चालतं कसं, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी उघडे डोळे, एक ठरलेली जागा आणि थोडा धीर लागतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, तिचा आस कललेला आहे आणि चंद्र तिच्याभोवती फिरतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. यातली प्रत्येक गोष्ट घराच्या गच्चीवरून दिसते आणि मोजताही येते. शिवाय मराठी घरात तिची रोजची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते: तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय, अधिक महिना. ते छापील आकडे आणि वरचं आकाश यांची गाठ स्वतः कशी घालायची, ते इथे सांगतो आहे.

आधी जागा आणि हात

सुरुवात कार्तिकात करा, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश भरवशाचं नसतं. दिवाळीनंतर मात्र मे महिन्यापर्यंत सलग निरीक्षणं होतात. गच्ची, अंगण, शेताचा बांध, काहीही चालेल, पण वर्षभर तीच जागा आणि उभं राहायची तीच फरशी हवी. पश्चिम क्षितिज मोकळं असेल तर उत्तम. समोरच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब यांचं वहीत एक ओबडधोबड चित्र काढून ठेवा. तारा कुठे होता हे नंतर त्यांच्यावरूनच सांगता येतं, म्हणून त्या इमारतींवर चिडू नका.

माप हातानेच घ्यायचं. हात पूर्ण लांब करा आणि एक डोळा मिटा. बंद मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते, करंगळीची १ अंश. मूठ बरोबर धरली आहे का हे तपासायला क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत डोक्यावरपर्यंत जा. नऊ मुठी भरल्या पाहिजेत. मुलांच्या मुठी लहान असल्या तरी हातही आखूड असतात, त्यामुळे त्यांचं मापही जवळपास हेच येतं. चंद्राचं बिंब फक्त अर्धा अंश असतं, करंगळीच्या निम्मं. उगवताना तो अवाढव्य दिसतो तेव्हा करंगळी धरून मोजा आणि मध्यरात्री पुन्हा मोजा. माप बदलत नाही; तो मोठेपणा डोळ्यांचा भ्रम असतो.

मुंबई-पुण्याच्या उजेडात फिकट तारे दिसणार नाहीत, पण या लेखातल्या बहुतेक गोष्टींना सूर्य, चंद्र आणि ठळक तारे पुरतात. कधीतरी गडद आकाश हवंच. मुंबईचे आकाशप्रेमी त्यासाठी अमावास्येच्या आसपास वांगणीला जातात. पुण्यात १९४४ साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा मंडळींबरोबर एक रात्र काढली की नक्षत्रं ओळखायचं काम पुष्कळ सोपं होतं.

पहिली रात्र: ध्रुव आणि पंधरा अंश

उत्तरेकडे तोंड करा आणि ध्रुवतारा शोधा. तो सगळ्यांत तेजस्वी तारा असतो असा समज आहे, तो मनातून काढून टाका. ध्रुव मध्यम तेजाचा आहे आणि आपल्याकडे बराच खाली असतो. तो जितके अंश वर, तितका आपला अक्षांश: मुंबईत १९, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. म्हणजे मुंबईत क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. नोव्हेंबरच्या रात्री इंग्रजी ‘एम’ अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा उत्तरेला उंच असते, तिचा मधला तारा साधारण ध्रुवाकडे बोट दाखवतो. फेब्रुवारीपासून सप्तर्षी वर येतात, मग त्यांच्या चौकोनाच्या, शेपटीपासून दूरच्या कडेवरच्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा पाचपट लांब नेली की ध्रुव सापडतो.

आता पूर्वेकडचा एखादा ठळक तारा खांबाच्या टोकाला टेकलेला धरा आणि वेळ लिहा. तासाभराने बघा: तो दीड मूठ सरकलेला असेल. ३६० अंश भागिले २४ तास, म्हणजे तासाला १५ अंश. तारा जागेवरच आहे, गच्ची तुम्हाला घेऊन पूर्वेकडे वळते आहे.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. दक्षिणेकडे तोंड केलं तर तारे डावीकडून उजवीकडे जातात. उत्तरेकडे तोंड केलं तर ध्रुवाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. एकाच आकाशात दोन दिशा कशा? दोन्ही वेळा ते पूर्वेकडून पश्चिमेकडेच जात असतात; दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व डाव्या हाताला येते, उत्तरेकडे केलं की उजव्या. हे कागदावर समजून घेण्यापेक्षा गच्चीवर उभं राहून एकदा वळून बघा.

अक्षांश बदलला की आकाशाचा कुठला भाग दिसणार हेही बदलतं. अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईहून दक्षिणेला सुमारे १८ अंश वर येतो, दिल्लीहून जेमतेम ९ अंश. लंडनला राहणाऱ्या नातेवाइकांना तो कधीच दिसत नाही. त्यांचा ध्रुव मात्र साडेएकावन्न अंशांवर, आपल्या अडीचपटीहून उंच असतो. त्रिशंकू हा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह एप्रिल-मेच्या रात्री आपल्या दक्षिण क्षितिजालगत दिसतो. कोकणच्या किनाऱ्यावरून किंवा गोव्याहून त्याची मजा जास्त, कारण तिथे तो थोडा अधिक वर असतो.

पहिले सहा महिने: रोजची चार मिनिटं

पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २४ तासांची नसते. ती २३ तास ५६ मिनिटांची असते. त्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी चार मिनिटं वळावं लागतं. परिणाम असा, की प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो. महिन्याला हे दोन तास होतात, वर्षात पूर्ण चोवीस.

हे पडताळायला मृगासारखं दुसरं काही नाही. तीन ताऱ्यांचा बाण, भोवतीचे चार ठळक तारे आणि खाली लखलखणारा व्याध, हे कुणालाही एका रात्रीत ओळखता येतं. मुंबईहून नोव्हेंबरच्या मध्यावर हा बाण रात्री पावणेनऊच्या आत-बाहेर पूर्वेला उगवतो, डिसेंबरच्या मध्यावर पावणेसातला. नागपूरकरांनी यातून सुमारे पंचवीस मिनिटं वजा करावीत. फेब्रुवारीत संध्याकाळी तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि मेमध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेच्या संधिप्रकाशात बुडायला लागतो. दर आठवड्याला एकच वेळ धरून त्याची उंची मुठींत लिहीत जा.

मग ७-८ जून उजाडतो आणि गावाकडे ‘मृग लागला’ म्हणतात. पेरणीची घाई सुरू होते. त्या रात्री मृग शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. सापडणं शक्यच नाही, कारण मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरला, आणि सूर्याशेजारचे तारे आपल्याला दिसत नाहीत. पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याचा पत्ता आहे. रोहिणी २५ मेला, मग मृग, जूनच्या २१-२२ ला आर्द्रा, जुलैत पुनर्वसू आणि पुष्य, असे सूर्याचे मुक्काम तेरा ते चौदा दिवसांनी बदलत जातात. २७ मुक्काम झाले की वर्ष पूर्ण. पृथ्वीची सूर्याभोवतीची गती आपल्या शेतकऱ्यांनी अशी बोलण्यात मुरवून ठेवली आहे, आणि तिचा पुरावा हवा असेल तर एप्रिल-मेच्या संध्याकाळी पश्चिमेला बसा: आधी कृत्तिका सूर्याच्या उजेडात हरवतात, मग रोहिणी, मग मृग. सूर्य त्यांच्याकडे सरकताना दिसतो. ऑगस्टच्या पहाटे ढगांना फट मिळाली तर मृग पूर्वेला पुन्हा हजर झालेला असतो.

चंद्र: इथे जास्त वेळ द्या

माझ्या मते नवख्याने सर्वांत जास्त वेळ चंद्राला द्यावा, कारण त्याची गती एका संध्याकाळीही पकडता येते. एखाद्या ठळक ताऱ्याजवळ चंद्र असेल त्या रात्री दोघांमधलं अंतर बघून ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा. चंद्र स्वतःच्या बिंबाएवढा पूर्वेकडे सरकलेला असतो. रात्रभर तो बाकी आकाशाबरोबर पश्चिमेकडे जाताना दिसतो, ते पृथ्वीचं वळणं. त्याच वेळी ताऱ्यांमधून पूर्वेकडे रांगतो, ती त्याची स्वतःची गती. या दोन गती वेगळ्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

पुढची पायरी पंधरा दिवसांची. अमावास्येनंतरच्या द्वितीयेपासून रोज संध्याकाळी सातला चंद्राची जागा वहीतल्या चित्रावर टिपा. तो रोज साधारण सव्वा मूठ, म्हणजे १३ अंश, पूर्वेकडे गेलेला दिसेल. सूर्यही रोज एक अंश त्याच दिशेने सरकतो, म्हणून दोघांमधलं अंतर दिवसाला सुमारे १२ अंशांनी वाढतं. हे १२ अंश म्हणजे एक तिथी. कॅलेंडरात पंचमी दिसली की चंद्र सूर्यापासून ६० अंशांच्या आत आहे हे कळतं. अष्टमीच्या मध्यावर ९० अंश आणि अर्धं बिंब. पौर्णिमेच्या शेवटाला १८०, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर. चंद्राची कक्षा लंबगोल असल्यामुळे तो कधी जलद, कधी सावकाश चालतो, म्हणून एखादी तिथी सुमारे वीस तासांत आटोपते तर एखादी सव्वीस तासही पुरते. दिवसाला तिथी मिळते ती सूर्योदयाच्या वेळची. सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपलेली तिथी कॅलेंडरात गळते, तोच क्षय. दोन सूर्योदय गाठणारी तिथी दोनदा येते.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं अजूनही बरेच जण सांगतात. ते खरं नाही, आणि ते खोडून काढायला एक लिंबू पुरतं. कृष्ण सप्तमी-अष्टमीला सकाळी आठच्या सुमारास चंद्र पश्चिमेकडे उजेडातच दिसत असतो. उन्हात उभे राहा आणि हात लांब करून लिंबू चंद्राच्या शेजारी धरा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसेल, तेवढाच चंद्राचा दिसेल, त्याच बाजूचा. दोघांवर एकाच सूर्याचं ऊन पडतं आणि आपण दोघांनाही एकाच कोनातून बघतो. शाळेत आकृती काढण्याऐवजी मुलांना हे एकदा दाखवावं.

आता महिन्याकडे वळू. कार्तिकी पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिकांचा पुंजका शोधा. सत्तावीस दिवसांनी, नेमकं सांगायचं तर २७.३ दिवसांनी, चंद्र पुन्हा कृत्तिकांपाशी येतो, पण पौर्णिमा झालेली नसते. मधल्या काळात सूर्य पुढे सरकला आहे, त्याच्या समोर यायला चंद्राला अजून दोनेक दिवस चालावं लागतं. त्या दोन दिवसांत तो रोहिणी ओलांडून मृगशीर्षात पोचतो, आणि ती मार्गशीर्ष पौर्णिमा होते. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस. पुढे पुष्याजवळ पौष, मघांजवळ माघ, चित्रेजवळ चैत्र. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस भरतात, सूर्याच्या वर्षाला सुमारे ११ कमी पडतात, आणि ती तूट भरायला अधिक महिना घालावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ.

संकष्टीचा उपवास करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ सगळ्यांना तोंडपाठ असते, तिचाही उपयोग करा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो. तिथपासून संकष्टीपर्यंत रोजची वेळ लिहा. सरासरी ५० मिनिटांचा उशीर येतो, पण आश्विनाच्या सुमारास तो चाळीसच्या आसपास राहतो आणि फाल्गुन-चैत्रात तासाच्या जवळ जातो. चंद्राचा मार्ग क्षितिजाशी कधी कमी, कधी जास्त कोन करतो, त्यामुळे हा फरक पडतो. हाच कोन कोरीची बसण्याची तऱ्हाही ठरवतो. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची कोर दोन्ही टोकं वर करून जवळजवळ आडवी दिसते, नवरात्राच्या दुसऱ्या दिवशीची तिरकी आणि बरीच खाली. दोन्ही वर्षांतून एकदाच मिळतात, दोन्हींचं चित्र काढा. त्या कोरीत उरलेलं बिंबही राखी रंगात दिसतं. तो पृथ्वीवरून चंद्रावर पडलेला उजेड असतो.

चंद्र स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती फिरायला तेवढाच वेळ घेतो, म्हणून आपल्याला तोच ससा कायम दिसतो. पण एकाच रात्री ससा वळलेला मात्र दिसतो. पौर्णिमेला चंद्र उगवताना त्याचं चित्र काढा, पहाटे मावळताना पुन्हा काढा. आपल्या अक्षांशावरून तो मधल्या वेळात काटकोनाहून बराच जास्त फिरलेला असतो. चंद्र वळलेला नसतो, त्याच्याकडे बघण्याची आपली दिशा वळलेली असते.

सूर्य: कललेला आस

सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम मोडू नका. त्याची गती मावळतीच्या जागेवरून आणि सावलीवरून टिपायची.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य मुंबईहून पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे मावळतीची जागा सहा महिन्यांत पाच मुठी हलते. मार्चच्या सुमारास ती रोज जवळजवळ एका सूर्यबिंबाएवढी सरकते. डिसेंबरच्या अखेरीस आठवडाभर जागची हलत नाही. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे, त्याचाच हा परिणाम. आणखी एक गंमत नोंदवा: दिवस सर्वांत लहान डिसेंबरच्या २१-२२ ला असतो, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. आसाचा कल आणि लंबगोल कक्षा या दोन्हींमुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या मागेपुढे होत असते.

भर दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर, हेही आपल्याकडे खरं नाही. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे, मुंबई ७३ च्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास. शून्य सावलीच्या दिवशी हे डोळ्यांनी दिसतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य आपल्या नेमका डोक्यावर वर्षातून दोनदा येतो: पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरी खेप जुलैत येते, पण ती बहुधा ढगात जाते, म्हणून मे चुकवू नका. सपाट जागी एक सरळ नळी किंवा डबा उभा ठेवा. मुंबईत १२.३५, पुण्यात १२.३१, नागपुरात १२.१० च्या आसपास त्याची सावली पूर्ण बुडाखाली जाते.

हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडच्या मार्गाने जातो. मार्गशीर्षातली पौर्णिमा मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते. ज्येष्ठातली दक्षिणेला अर्ध्या उंचीवरच राहते.

ग्रहणं दर महिन्याला का होत नाहीत

चंद्राची कक्षा सूर्याच्या वार्षिक मार्गाशी ५ अंशांचा कोन करते. बिंब अर्ध्या अंशाचं आणि चुकामूक पाच अंशांपर्यंतची, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन मार्ग छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. सूर्य यांपैकी एकापाशी असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण होतं, आणि ही संधी साधारण सहा महिन्यांनी येते. हे बिंदू स्वतःही मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत फेरी पूर्ण करतात. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बिनधास्त बघा, आणि चंद्रावर चढणाऱ्या सावलीची कड गोल आहे हे नीट पाहा. ती आपल्या पृथ्वीची कड आहे.

सगळ्यांत संथ गती

आसाचा रोखही स्थिर नाही. सुमारे २६,००० वर्षांत तो एक फेरा घेतो. याला परांचन म्हणतात. आजचा ध्रुव म्हणून कायमचा नाही. सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित हा तेजस्वी तारा त्या जागेजवळ असेल. एका जन्मात हे डोळ्यांना दिसत नाही, पण संक्रांतीच्या तारखेत दिसतं. सूर्य दक्षिणेकडून मागे फिरतो तो २१-२२ डिसेंबरला. मकर संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने ठरते, आणि परांचनामुळे ती आता १४-१५ जानेवारीवर आली आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होत्या. इंग्रजी तारखेत ती साधारण ७२ वर्षांना एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती.

हाच हिशेब आणखी मागे नेला की पानिपतापाशी पोचतो. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होती असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. १८६३ च्या १०२ वर्षं आधी म्हणजे दीडेक दिवस अलीकडे. सूक्ष्म गणित केलं तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. लढाई झाली तेव्हा ती उलटून चार दिवस झाले होते. तुमच्या पणजोबांच्या जन्मवर्षाची संक्रांत याच रीतीने काढा, आणि घरात जुनं पंचांग असेल तर त्याच्याशी ताडून बघा.